मचानोचा स्वतःचा हात

मचानोला जिंकायचा अगदी वीट आला होता.

ऐकणाऱ्याला हे खोटं वाटेल. आमच्या झांझिबार शहरातल्या किक्वाजुनी मोहल्ल्यातला माणूस बायकोशी झालेलं भांडण विसरेल, मेहुण्याने केलेला अपमान विसरेल, पण बाओच्या पटावर हरलेला डाव मरेपर्यंत विसरणार नाही. आणि मचानो तर रोज जिंकत होता. तिसऱ्या प्रहरची असरची नमाज झाली की कडुनिंबाखालच्या ओट्यावर जायचा, फाकी शिंप्याला हरवायचा आणि मावळतीला घरी यायचा तो खेटर मारल्यासारखं तोंड करून. त्याची बायको मिझा दारात बसून मंदाझीचे गोड वडे तळत असायची. ती विचारायची, आज कोण हरलं? हा म्हणायचा, फाकी. मग तुमच्या पोटात का दुखतंय, असं ती विचारायची, आणि हा आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा.

पोटात नव्हतं दुखत. दुखणं हाताचं होतं, आणि त्याहून जास्त त्या जिंकण्याचं होतं. पण ते सांगायचं तर आधी मचानो कोण ते सांगायला हवं.

मचानो मूळचा झांझिबार बेटाच्या दक्षिण टोकाचा, मकुंदुचीचा. तिथे वर्षाच्या पहिल्या दिवशी पुरुष केळीच्या दांड्यांनी एकमेकांना यथेच्छ बडवतात, वर्षभराचा राग बाहेर काढतात आणि मग गळ्यात गळे घालून जेवायला बसतात. मनात काही ठेवायचं नाही, ही तिथली रीत, आणि ती मचानोच्या हाडात मुरलेली. पोरवयात समुद्रकाठी वाळूत खळगे करून सागरगोट्यांनी बाओ शिकला. शहरात आला, मोठ्या कडुनिंबाला टेकून सायकल दुरुस्तीची टपरी टाकली आणि त्याच झाडाखालच्या ओट्यावर बाओचा पट मांडला. दिवसभर हात वंगणात, संध्याकाळी सागरगोट्यांत. अशी सगळी हयात गेली, आणि मजेत गेली. एक मुलगी, तीही लग्न होऊन समुद्रापलीकडे दार-एस-सलामला सुखात.

बाओ ज्याला ठाऊक नाही त्याला एवढंच सांगतो. लाकडाच्या पटावर प्रत्येकाच्या बाजूला घरांच्या दोन रांगा असतात. एका घरातले सगळे गोटे मुठीत उचलायचे आणि पुढच्या प्रत्येक घरात एक, एक, एक असे पेरत जायचं. शेवटचा गोटा कुठे पडतो त्यावर समोरच्याची लूट, रिकाम्या घरात पडला तर पाळी संपली. पुढची रांग रिकामी झाली की तुम्ही मेलात. पेरताना एका घरात दोन पडले तर ती लबाडी, आमच्या ओट्यावर तुमची पाळी जप्त. आणि हे सगळं मुकाट्याने करायचं नसतं. टोमणा मारता येत नाही त्याने घरी बसून दाणे सोलावेत. फाकी आणि मचानो तर तीस-एक वर्षं एकमेकांची सालं काढत आलेले. फाकी पेम्बा बेटाचा, लांब पांढरे झगे शिवणारा, हडकुळा आणि जिभेने सुईपेक्षा टोकदार. "मचान्या, पुढची रांग फार ओस पडली रे, दोन कोंबड्या तरी पाळ तिथे," असं तो म्हणायचा आणि ओटा हसून लोटपोट व्हायचा. मचानोला ते ऐकल्याशिवाय रात्रीचं जेवण गोड लागायचं नाही.

मग उजवा हात थरथरायला लागला. आधी मांडीवर नुसता ठेवला की थरथरायचा, मग बटणं लागेनात, मग सायकलचा नट बोटांतून निसटून गटारात जायला लागला. पाऊल टाकताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. डॉक्टरने पार्किन्सन म्हणून सांगितलं, गोळ्या दिल्या. गोळ्यांनी पाय सुटले, चेहरा पुन्हा हसायला लागला. बोटं मात्र हट्टी. मूठ भरायची, पण उघडताना एकेक गोटा सोडायचं काम तिला जमेना. कधी एकही पडायचा नाही, कधी दोन बरोबर.

आणि दोन पडले तरी कुणी काही बोलायचं नाही. इथेच तर सगळी मेख होती.

मचानोच्या ते ध्यानात यायला जरा वेळच लागला. जिंकतोय म्हणून आधी खूश होता बिचारा. मग एकदा त्याच्या मुठीतून दोन गोटे एका घरात धप्पकन पडले. सगळ्या ओट्याने पाहिलं. कॉफीवाला उस्सी समोर पितळी चंबू धरून उभा होता, त्याने झाडाकडे बघितलं. दोघेजण खोकले. फाकीने पाळी जप्त केली नाहीच, वर अशी गाढवासारखी खेळी केली की शेंबड्या पोराने केली तर कान धरावा. आणि म्हणाला, "वा, मचानोभाऊ. छान खेळलात."

भाऊ! खेळलात! तीस वर्षं मचान्या म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मचानोच्या अंगाची लाहीलाही झाली. त्याने सगळा पट हाताने विस्कटून टाकला.

"मला कुरवाळतोस होय रे?" तो म्हणाला. "आमच्या गावच्यासारखा दांड्याने बडव मला, पण असं नको करूस. हात बिघडलाय माझा, डोकं जाग्यावर आहे."

फाकीने खाली पडलेले गोटे वेचले. तो खरंच दुखावला होता. त्याने समजावून सांगितलं, की दोन पडले म्हणून प्रत्येक वेळी पाळी काढून घेतली तर मचानोला खेळायलाच मिळणार नाही, आणि काढून नाही घेतली तर ती लबाडी, मग लबाडाला खरं हरवायचं तरी कसं? म्हणून मी हरतो. दुसरं काय करू ते तूच सांग. बोलणं बरोबर होतं आणि त्यामुळे मचानोला अधिकच झोंबत होतं. शेवटी तोडगा फाकीनेच काढला. मचानोने नुसती खेळी तोंडाने सांगावी, गोटे त्याच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी पेरावेत.

म्हणजे हाताला निवृत्ती. पटाशी बसायचं आणि दुसऱ्याच्या बोटांनी खेळायचं, दात पडलेल्याला कुणीतरी चावून द्यावं तसं. मचानोला रडू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. मग म्हणाला, ईदपर्यंत थांबा. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळा मोहल्ला ओट्याशी जमतो, त्या दिवशी मी माझ्या हाताने पुरा डाव खेळीन. एकदा जरी दोन पडले, तर तुम्ही म्हणाल त्याच्या हाताने खेळेन, पुन्हा तक्रार करणार नाही. पण नाही पडले, तर फाकी, तू मला मनापासून हरवायचा प्रयत्न करायचास. फाकीने हातावर हात मारून कबूल केलं.

आता बोलून तर बसला, पण हाताला कोण सांगणार?

इस्पितळात व्यायाम शिकवणारी शेम्सा नावाची मुलगी होती. गोड बोलायची आणि काही केल्या सोडायची नाही. मचानोने तिला सगळं सांगितलं. तिने गोटे, मूठ, पेरणं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाबा, पेरायच्या आधी डोळे मिटा आणि मनातल्या मनात एकदा पेरून बघा. मग खरं पेरा. रोज करायचं. गोळी चालूच ठेवायची, हा काही मंत्र नाही. पण हाताला वाट आधी मनात दाखवली तर पुष्कळांना सोपं जातं."

हे ऐकून मचानोला हसूच आलं. मनातल्या मनात? अगं पोरी, हे तर मी तुला शिकवावं. बाओ खेळणाऱ्याचं दुसरं काम काय असतं? पट न बघता पुढच्या कितीतरी खेळ्या तो डोक्यात खेळून बघतो. या गोष्टीत आमचा हात धरणारा कुणी नाही, असं म्हणून स्वारी तोऱ्यात घरी आली.

आणि लागला डोळे मिटायला. सकाळी मंदाझी खाऊन डोळे मिटायचा, दुपारी डोळे मिटायचा, ओट्यावर बसल्या बसल्या मिटायचा. गल्लीत कुजबुज सुरू झाली की मचानो भलताच देवभोळा झालाय. शेजारीण मिझाला हळूच विचारून गेली, झोप नाही का लागत रात्रीची? गिऱ्हाइकांना बोलवायला उस्सी कप वाजवायचा, तो आता वाजवेनासा झाला, म्हातारा दचकायला नको म्हणून. एवढं सगळं होऊन हात होता तिथेच. मूठ उघडायची आणि धप्प, दोन.

दिवस गेले, रमजान लागला, तरी तेच. मचानोचा धीर सुटत चालला. शेम्साने उगाच आशा लावली, असं तो मिझाला म्हणाला. मिझा परसात खवणीवर बसून नारळ खवत होती, हात थांबवायची तिला सवय नव्हती.

"डोळे मिटून बघता तरी काय एवढं?" तिने विचारलं.

त्याने सांगितलं. अगदी रंगून सांगितलं. तिसऱ्या घरातले गोटे उठले, चौथ्यात एक, पाचव्यात एक, कोपऱ्यावरून वळले, फाकीची दोन घरं लुटली, पुन्हा निघाले. मिझाने ऐकून घेतलं.

"आणि हात?"

"कसला हात?"

"तुमचा. गोटे पेरतंय कोण तिथे?"

मचानोने डोळे मिटले. पट दिसला, लख्ख दिसला, लाकडाच्या रेघांसकट. गोटे या घरातून त्या घरात टुणटुण उड्या मारत होते. हात शोधला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नव्हताच.

"कुणीच नाही गं," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला की मिझाला हसू आवरेना. खवलेला नारळ परातीबाहेर सांडला. इतकी वर्षं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात भूत खेळत होतं, आणि मी समजत होते हाच खेळतोय, असं म्हणून ती डोळे पुसायला लागली. मचानोही हसला, पण आतून चांगलाच हबकला होता. जन्मभर ज्याच्या जोरावर खेळला, त्या हाताकडे त्याने एकदाही वळून पाहिलं नव्हतं. पट बघत राहिला आणि हात आपला निमूट काम करत राहिला, घरातल्या बाईसारखा. हे शेवटचं मिझाने म्हटलं बरं का, मी नाही.

शेम्साला सांगितलं तर ती टाळ्या पिटायचीच बाकी होती. म्हणाली, बाबा, गोट्यांना राहू द्या, ते कुठे जायचे तिथे जातील. हात बघा. बघूही नका, हाताच्या आत जाऊन बसा. मुठीतला भार जाणवला पाहिजे, गोट्याचा गारवा जाणवला पाहिजे, अंगठा कुठे दाबतो ते जाणवलं पाहिजे. आणि खऱ्याला जितका वेळ लागतो तितकाच मनातही लागू द्या, पळवू नका. आठवत नसेल तर आधी एखाद्याचा चांगला चालणारा हात नीट निरखा.

चांगला चालणारा हात म्हणजे कुणाचा? ओट्यावर सगळ्यांत देखणं पेरायचं कोण? तर फाकी. दुसरं नाव घ्यायची सोयच नव्हती.

मग मचानोने फाकीचा हात धरला, म्हणजे नजरेने. फाकी खेळत असला की हा शेजारी बसून त्याच्या बोटांकडे टक लावायचा. दुकानात कापड कापत असला की दारात जाऊन उभा राहायचा. फाकी बावरला. मचानोभाऊ, काही हवंय का, बरं वाटत नाही का, असं दोनदा विचारून झालं. काही नको, तू आपलं चालू दे, असं हा म्हणायचा आणि पुन्हा नखांकडे बघायचा. फाकीने घरी जाऊन नखं कापली म्हणतात.

घरी मचानो डोळे मिटून तो हात आठवायचा. आता मनात भूत नव्हतं, हात होता. आणि काय सांगू, फरक पडला. एक गोटा, मग एक, मग एक. चार-पाच घरं सरळ जायचा आणि मग मध्येच अडकायचा. तरीही मचानो हरखून गेला. मिझाला बोलावून समोर बसवलं आणि पेरून दाखवायला लागला. मिझा थोडा वेळ बघत राहिली. मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"ही करंगळी कशाला वर करताय?"

मचानोने पाहिलं. करंगळी खरंच वर होती, सुई धरल्यावर असते तशी ताठ. शेवटचा गोटा टाकल्यावर त्यावर बोटाने टकटक करायची फाकीची खोड, तीही झाली होती.

"हा त्या पेम्बावाल्याचा हात आहे," मिझा म्हणाली. "माझ्या घरात नको मला तो. तुमचा शोधा."

पुन्हा हसणं झालं, पण बोलणं खरं होतं. दुसऱ्याच्या मापाचा झगा चढवला की चार पावलांनंतर पायात यायचाच. फाकीचा हात सुईने घडवलेला. मचानोचा कशाने घडला होता? त्याने फार आठवून पाहिलं. पटापाशी आठवला की पटच दिसायचा, पुन्हा तीच गत. ईद तोंडावर आली.

उस्सीची सायकल त्याच सुमारास बिघडली. मागचं चाक डुगडुगत होतं. मचानोची टपरी बंद पडल्यापासून सायकली बघणाऱ्या नव्या दुकानदाराने ते दोनदा खोललं आणि अधिकच बिघडवून ठेवलं. उस्सी कॉफीचा चंबू पायी वागवून थकला. त्याने मचानोला विनवलं की तुम्ही हात लावू नका, नुसतं बघून सांगा. मचानोने कितीतरी दिवसांनी टपरीचं कुलूप काढलं, आणि बघून सांगायचं सोडून, खोड जाते कुठे, चाक मांडीवर घेतलं. पान्याने आस सैल केला. आतून जुन्या वंगणाचा वास आला. छर्रे काळे पडले होते, दोन फुटले होते. त्याने डब्यातले नवे छर्रे तळव्यावर घेतले, आणि ते गार वजन तळव्यावर पडताच डोळे आपोआप मिटले.

आणि तो हात तिथे होता. अख्खा. त्याचा स्वतःचा. तळवा वाटीसारखा वळलेला, त्यात वंगणात माखलेले छर्रे, आणि अंगठा एकेकाला पुढे सारतोय. एक छर्रा वंगणात बसला की अंगठा किंचित थांबतो, मग दुसरा, चाकाच्या पोटात गोल रांगेत. एका जागी दोन कधीच नाहीत, दोन पडले तर चाक फिरायचंच नाही. आयुष्यभर हजारो चाकं भरली होती त्या हाताने, आणि तिथे पट नव्हता मध्ये येऊन नजर पळवायला. मचानोला तो अंगठा कोपरापर्यंत जाणवला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. उस्सी घाबरला, चाकाचं एवढं वाईट झालंय का म्हणाला. मचानोने वंगणाच्या हातांनी त्याचे दोन्ही गाल धरले आणि सांगितलं, तुझ्यासारखा भला माणूस या बेटावर नाही. उस्सी काळे गाल घेऊन त्या रात्री रोजा सुटल्यावर गल्लोगल्ली कॉफी विकत फिरला.

त्यानंतर घरात रोज गोट्यांचा आवाज. मचानो आधी डोळे मिटून एक चाक भरायचा, सावकाश, वंगणाच्या वासासकट. मग त्याच हाताने पट. मिझा चुलीशी पाठ करून असायची, पण कान इकडे. टक, टक, टक असा आवाज येईतो ती रस्सा ढवळायची. टक-टक झालं की मागे न बघता म्हणायची, "दोन." मचानो चरफडायचा, गोटे उचलून पहिल्यापासून सुरू करायचा. बाई भारी कडक. एकदा त्याने हळूच म्हणून पाहिलं की तो तुझ्या पळीचा आवाज होता, तर तिने पळी बाजूला ठेवून पुन्हा पेरायला लावलं. हळूहळू तिचं ते "दोन" कमी झालं. रमजानच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी एकदाही आलं नाही. मचानोने वळून पाहिलं तर मिझा ऐकतच होती, ओढणीचं टोक तोंडात धरून. मांडीवर ठेवला की हात थरथरायचा तो थरथरतच होता. ते जायचं नव्हतं, शेम्साने आधीच सांगितलं होतं. पण मूठ उघडायला शिकली होती.

ईदचा दुसरा दिवस. नवे कपडे, अत्तर, पोरांचा कालवा, ओट्याभोवती ही गर्दी. मचानोने वेळ साधून गोळी घेतली, असर उरकली आणि पटाशी येऊन बसला. फाकीने हात छातीवर ठेवून तब्येत विचारली. तो अजून दयेतच होता. समोर कॉफीचा कप होता आणि तो आरामात घुटके घेत होता.

पहिली पाळी. मचानोने डोळे मिटले. मागून कुणीतरी म्हणालं, झोपला. दुसऱ्याने त्याला गप्प केलं. मचानो तेव्हा टपरीत होता, चाक मांडीवर होतं. मग डोळे उघडले, मूठ भरली आणि टक, टक, टक. गर्दीतल्यांनी मान लांब करून पाहिलं. प्रत्येक घरात एक. पुढच्या पाळीलाही एक. त्याच्या पुढच्या पाळीलाही. वेग पूर्वीचा नव्हता, पण ठेका होता, आणि ठेका ओट्यावरच्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. उस्सीने नकळत तोच ठेका कपांवर धरला.

फाकीच्या ते लक्षात आलं. त्याने कप खाली ठेवला, बाह्या वर सारल्या आणि पटावर वाकला. मग त्याने जी खेळी केली, ती बघून मचानोचा ऊर भरून आला. जहरी खेळी होती. मचानोची अख्खी डावी बाजू लुटून नेली. आणि मान वर न करता फाकी म्हणाला, "मचान्या, सांभाळ रे. तुझ्या घरात चोर शिरलाय."

ओट्यावर काही महिन्यांनी पहिल्यांदा खरं हसू फुटलं. मचानोला वाटलं उठून त्या हडकुळ्याला मिठी मारावी. पण डाव चालू होता.

शेवटी शेवटी मचानोकडे एक भरगच्च घर उरलं. ते उचललं तर पठ्ठ्याला दोन्ही रांगा फिरून यावं लागणार होतं, आणि तेवढ्या लांब पल्ल्यात एकदाही दोन पडून चालणार नव्हतं. त्याने फार वेळ डोळे मिटून ठेवले. मग मूठ भरली. टक, टक, कोपरा, टक, टक. अंगठा थांबत होता, सारत होता, थांबत होता. एकच पडत होता. एकच. शेवटचा गोटा अंगठ्याखाली किंचित अडकला, मचानोने घाई केली नाही, आणि तो टक करून पडला.

रिकाम्या घरात.

गर्दीतून "अरेरे" आलं. एक घर अलीकडचे गोटे उचलले असते तर फाकी साफ झोपला असता, हे पोरासोरांनाही दिसत होतं. मचानोला दिसलं नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तो हात बघत होता आणि पट बघायचा राहून गेला होता. त्याने पटाकडे पाहिलं, मग फाकीकडे. फाकीही त्याच्याकडे बघत होता. समोरची लूट अशी उघडी पडली होती, की सोडायची म्हटली तर डोळे फोडून घ्यावे लागले असते. मचानो घाबरला. हरण्याची भीती नव्हती ती. फाकी पुन्हा भाऊ म्हणतो की काय, ही भीती होती.

फाकीने मूठ भरली. करंगळी वर करून सर्रकन पेरत गेला, लुटत गेला, पुन्हा पेरत गेला. मचानोच्या पुढच्या रांगेत एक दाणा ठेवला नाही. मग शेवटच्या गोट्यावर बोटाने टकटक केलं.

"मचान्या," तो म्हणाला, "डोळे मिटून स्वप्नं बघत बसलास आणि मी घरदार धुऊन नेलं की रे. जा, मिझाला सांग, आज मंदाझी जास्त कर. गरिबाला कुणी उधार देणार नाही."

असा हशा पिकला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. मग सगळेच सुटले. कितीतरी दिवसांचे टोमणे तुंबून राहिले होते, ते लोकांनी एका दमात मोकळे केले. तो सायकलवाला की आंधळ्या कोशिंबिरीतला गडी, असं एकाने विचारलं. उस्सीनेही हिशेब चुकता केला, गालांचा. मचानो मधोमध बसून हसत होता आणि रडत होता, त्याला काही लपवायचं भान नव्हतं.

घरी आला तेव्हा मिझा दारातच होती. शेजारणीच्या खिडकीला कान लावून तिने सगळा डाव ऐकला होता.

"हरलो," तो म्हणाला.

"ऐकलं. अख्ख्या गल्लीने ऐकलं." ती म्हणाली आणि त्याचा थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन तिने गालाला लावला. "दोन एकदाही नाही पडले."

दुसऱ्या दिवशी मचानोला उशीर झाला. पाय सकाळपासून जड होते, गोळी उशिरा लागू पडली. एरवी उशीर झाला की फाकी कुणालातरी धाडायचा, भाऊंना हाताला धरून आणा म्हणून. आज ओट्यावरून आरोळी आली, ती तीन गल्ल्यांत ऐकू गेली.

"मचान्या, घाबरलास काय रे? लपलास का बायकोच्या मागे?"

मचानो आत सदरा चढवत होता. हसू एवढं लोटलं की वरचं बटण काजात जाईना. मिझा लगबगीने पुढे आली आणि तिने बटणाला हात घातला. त्याने तो हळूच बाजूला केला. थांब, म्हणाला, आणि डोळे मिटले. बाहेर फाकी अजून ओरडत होता, आता त्याने मकुंदुचीच्या सगळ्या गावाचाच उद्धार सुरू केला होता. ओरडू दे, मचानोला काही घाई नव्हती.